रेवतकर भाऊंची सही

रेवतकर भाऊंच्या एकाही शर्टाला खिसा नव्हता. नागपूरच्या इतवारी बाजारातला त्यांचा शिंपी दर वेळी माप घेताना विचारायचा, "आताही नाही का जी?" आणि भाऊ म्हणायचे, "आताही नाही." विमानाच्या पोटात वाकून काम करताना खिशातलं पेन, नाणं, किल्ली, काहीही खाली पडू शकतं, आणि ते कुठे जाऊन अडकेल सांगता येत नाही. म्हणून हँगरमध्ये शिरताना आम्हा सगळ्यांनाच खिसे रिकामे करावे लागत. भाऊंनी खिसेच काढून टाकले होते. लग्नकार्यालाही ते तसल्याच शर्टात येत, चष्मा दोरीने गळ्यात आणि रुमाल हातात.

विमानतळाशेजारच्या मिहानमधल्या ज्या हँगरमध्ये मी इंजिनीअर म्हणून नोकरीला लागले, तिथे भाऊ तपासनीस होते. ठरावीक तास उडून झालं की विमान आमच्याकडे येई. पत्रे उघडायचे, इंजिनं, चाकं, दांडे, नळ्या बघायच्या, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा सगळं बंद करायचं. काम तंत्रज्ञ करत. ते नीट झालंय हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून कागदावर सही करणं हे भाऊंचं काम. त्या सहीशिवाय विमान दाराबाहेर जात नसे. लोकांच्या सह्या वयाबरोबर रेघोट्या होत जातात, भाऊंची तशी झाली नव्हती. 'मनोहर रेवतकर' अशी पूर्ण, शाळेत गिरवल्यासारखी. एका पाळीत तशा साठ-सत्तर कराव्या लागल्या तरी शेवटचं 'र' पहिल्याइतकंच गोल.

अंगाने किडकिडीत, उंची बेताची. जिथे आमची मान जात नसे तिथे भाऊ खांद्यापर्यंत शिरत. मे महिन्यात हँगरबाहेर उभ्या विमानाच्या पत्र्याला हात लावता येत नाही, तेव्हाही ते डोक्याला ओला दुपट्टा बांधून शिडीवर चढायचे आणि वरून ओरडायचे, "पान कोणतं?"

पान म्हणजे मॅन्युअलचं पान. आता ते टॅबवर असतं, पण भाऊ पानच म्हणत. जे काम पंचवीस वर्षं केलं तेही करताना ते ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक वाक्य वाचायचे. पहिल्या महिन्यात मी न राहवून विचारलं, "भाऊ, हे तर तुम्हाला पाठ असेल ना?"

"पाठ हाय म्हून तं वाचतो," ते म्हणाले. "पाठ असलं का डोळे झोपतात."

त्यांचा आणखी एक नियम होता आणि तो मला चांगलाच कळला. एका कव्हरचे आठ बोल्ट ते एका नव्या मुलाला दाखवत स्वतः आवळत होते. पाच झाले असतील. मला कुठल्याशा कागदाची घाई होती. मी खालून हाक मारली, "भाऊ, एक मिनिट!" त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, काय हवं ते शांतपणे ऐकून घेतलं, उत्तर दिलं. आणि मग आवळलेले पाचही बोल्ट सैल करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी खाली उभी राहून ते बघत राहिले.  त्यानंतर शिडीवर असलेल्या माणसाला मी कधीही हाक मारली नाही.

घरी मात्र हा माणूस वेगळाच. फोन लॉकरमध्ये ठेवलेला म्हणून सुनंदावहिनींचे दहा-दहा निरोप पडून राहायचे. त्या मला म्हणायच्या, "अर्चना, तुहे भाऊ विमानाची एकेक चकती ध्यानात ठेवतात, पण दही आणाचं ध्यानात राहत नाही." भाऊ यावर खो-खो हसत. "दही राहिलं तं कोणी मरते का वं?"

त्यांचं गाव नरखेडजवळ. थोरल्या मुलीच्या लग्नानंतरच्या जेवणाला आम्ही हँगरमधले पंधरा-वीस जण तिथे गेलो होतो. शेतातच पंगत होती. ऐन वाढण्याच्या वेळी विहिरीवरची मोटार घरघरली आणि बंद पडली. पाण्याचे ड्रम अर्धेच भरलेले. सगळ्यांच्या माना आपोआप भाऊंकडे वळल्या. भाऊ मोटारीजवळ गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "देवरावले बोलवा."

देवराव म्हणजे गावातला मोटारी दुरुस्त करणारा. तो जेवायला बसलेला.

"काहून गा मनोहर," त्यांचे म्हातारे चुलते आबाजी मोठ्याने म्हणाले, "एवढाले इमानं दुरुस्त करतं तू, अन् ही मोटार नाही जमत?"

"मले याचं माहीत नाही, आबाजी."

"मंग तिथं तुले ठेवलं कायले?"

"जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणतो, म्हून ठेवलं."

पंगत हसली. देवराव खरकट्या हातानेच उठून आला, कुठलीशी तार घासून जोडली आणि मोटार सुरू झाली. भाऊ शेवटपर्यंत त्याच्या बाजूला उकिडवे बसून बघत होते, आणि नंतर त्याला काय काय विचारत होते. तो घटकाभर मोठा ऐटीत होता.

हे सगळं मी आधी सांगितलं, कारण पुढचं सांगताना लोकांचा गैरसमज होतो. कोणाला वाटतं हा माणूस वेंधळा होता, कोणाला वाटतं भित्रा. तो दोन्ही नव्हता.

त्या दिवशी भाऊंची सुट्टी होती. आदल्या संध्याकाळी एका विमानाचं काम पूर्ण होऊन ते टर्मिनलला गेलं होतं. मी हँगरच्या ऑफिसात होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. भाऊंचा फोन आला. मागे रस्त्याचा गोंगाट होता, हॉर्न, हमालांच्या आरोळ्या.

"अर्चना, कालचं विमान कुठं हाय?"

"टर्मिनलला. अकराला सुटायचंय. लोक चढत असतील आता."

"थांबव."

"काय?"

"थांबव म्हणतो ना. शेपटीतल्या डाव्या नटाची पिन मी पाह्यली नाही."

"पण भाऊ, सही—"

"सही केली. पाह्यलं नाही. तू आधी थांबव, मंग बोलू."

विमानाच्या शेपटीत एक आडवी फळी असते. ती खाली-वर झाली की विमानाचं नाकही खाली-वर होतं. तिला हलवणारे दांडे नटांनी जोडलेले असतात, आणि नट हादऱ्यांनी फिरू नये म्हणून त्याच्या छिद्रातून एक पिन घालून तिची दोन टोकं वाकवतात. कॉटर पिन म्हणतात तिला. बोटाच्या पेराएवढी वस्तू. ती नसली तरी विमान उडतं. त्या दिवशी उडतं, दुसऱ्या दिवशीही उडतं. नट आपला हळूहळू सैल होत राहतो.

आदल्या दिवशी त्या पिना नरेशने लावल्या होत्या. नरेश म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात जुना तंत्रज्ञ, चाळिशीतला, भाऊंबरोबर पंधरा वर्षं काम केलेला. भाऊ टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन तपासायला चढले. उजवीकडची पिन पाहिली. तेवढ्यात खालून कोणीतरी मॅनेजरसाहेबांचा निरोप घेऊन आलं आणि ते उतरले. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा नरेश पत्रा बंद करत होता. "झालं भाऊ, दोन्हीकडं पक्कं हाय," तो म्हणाला. भाऊंनी सही केली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वहिनींबरोबर इतवारीत भांडी, गंज-पातेली घ्यायला गेले. दुकानासमोर माल उतरवायला एक हातगाडी उभी होती. भाऊ पायरीवर बसले होते आणि त्यांचं लक्ष गाडीच्या चाकाकडे गेलं. आसाच्या टोकाला, चाक निसटू नये म्हणून अडकवलेला वाकडा खिळा होता. त्यांच्या डोळ्यांपुढे आरशातली उजवी पिन उभी राहिली. डावी आठवायला गेले, तर नरेशचा आवाज आठवला. पिन आठवेना. वहिनी नंतर सांगत, "मी गंज हातात घेऊन विचारते, हा कसा हाय जी? तं मानूस रस्त्यानं पळून राहिला! म्हटलं कुठं चालले? तं म्हणे, पिन!"

मी साहेबांकडे धावले.  माणूस वाईट नव्हता, पण विमान थांबवणं म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी नरेशला बोलावलं.

"लावली साहेब," नरेश म्हणाला. "दोन्हीकडं लावली. माह्या हातानं टोकं वाकवली."

साहेबांनी भाऊंना फोन लावून स्पीकरवर टाकला. "रेवतकर, नरेश म्हणतो लावली आहे. नाही लावली याची तुम्हाला खात्री आहे?"

"नाही."

"मग?"

"लावली याचीही नाही ना, साहेब."

"लोक बसलेत आत."

"हाव. म्हूनच. मी माही सही वापस घेतो. त्या कागदावर आता सही नाही असं समजा."

 साहेबांनी टर्मिनलला फोन केला.

दीडशे माणसं उतरवली गेली. भाऊ स्कूटरवरून पोचले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. सही मागे घेतल्यावर त्यांना स्वतः तपासता येत नव्हतं. दुसरे तपासनीस चढले. पत्रा निघाला, आरसा आत गेला. आम्ही खाली उभे. नरेश माझ्या शेजारी होता.

"आहे," वरून आवाज आला. "पिन आहे. टोकं नीट वाकवलेली आहेत."

 नरेश भाऊंच्या समोर येऊन उभा राहिला.

"भाऊ, माह्यावर भरोसा नव्हता का?"

"होता," भाऊ म्हणाले. "म्हून तं पाह्यलं नाही. चूक तिथंच झाली."

नरेशला ते पटलं नाही. पंधरा वर्षं हाताखाली काम केल्यावर सगळ्यांसमोर आपल्या हाताची झडती घेतली गेली, एवढंच त्याला दिसलं. तो पाठ फिरवून चालू लागला. विमान सव्वादोन तास उशिराने गेलं.

भाऊंनी रिपोर्ट स्वतः लिहिला. 'मी न पाहता सही केली,' हे पहिलंच वाक्य. साहेबांनी सुचवून बघितलं, "जरा वेगळ्या शब्दांत मांडता येईल." भाऊ म्हणाले, "झालं तेच मांडलं." तीन महिन्यांसाठी त्यांचा सही करण्याचा अधिकार काढून घेतला गेला, आणि वर्गात बसून पुन्हा परीक्षा द्यावी लागली. पंचविशीतल्या पोरांबरोबर ते पहिल्या बाकावर बसायचे, वही घेऊन. हँगरमध्ये काही जण मागून त्यांना 'पिनवाले भाऊ' म्हणू लागले. नरेश कामापुरतं बोलायचा, तेही 'सर' म्हणून. जेवणाच्या टेबलावर तो दुसऱ्या टोकाला बसू लागला. भाऊ डबा उघडताना एकदा त्याच्याकडे बघायचे आणि मग जेवायचे.

त्या महिन्यांतच एक पत्र आलं. लिहिणारे गृहस्थ त्या थांबवलेल्या विमानात होते. नागपूरला नोकरी, घर दूरच्या शहरात. वडील वारल्याचा निरोप आला म्हणून निघाले होते. घरच्यांनी वाट पाहिली, पण उन्हाळ्याचे दिवस, किती वेळ थांबणार? ते पोचायच्या आत चुलतभावाने अग्नी दिला. पत्रात आरडाओरड नव्हती. शेवटी एवढंच होतं: विमानात काहीही बिघाड नव्हता असं आम्हाला नंतर सांगितलं, मग आम्हाला कशासाठी थांबवलं?

साहेबांनी ते भाऊंना दाखवायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं. भाऊंनी ते उभ्याने वाचलं, नेहमीसारखं ओळीखाली बोट ठेवून. मग पुन्हा वाचलं.

"त्याचं बरोबर हाय," ते म्हणाले.

"भाऊ, पण पिन नसती तर?" मी म्हणाले.

"होती ना पण. नसती तं अलग गोष्ट होती. पिन होती, अन् त्या मानसाले बापाचं तोंड पाहाले भेटलं नाही." त्यांनी पत्राची घडी घातली. "मी आदल्या दिवशी दोन मिनिटं आरसा धरला असता, तं विमानही उडलं असतं अन् तोही पोचला असता. थांबवलं ते चुकलं नाही, अर्चना. पण थांबवा लागलं, ते माह्याच्यानं."

  त्या दिवशीच्या त्यांच्या फोनचं कौतुक मी अनेकांपाशी केलं आहे. भाऊंपाशी मात्र ते कधी बोलता आलं नाही.

कंपनीने त्या गृहस्थांना रीतीप्रमाणे दिलगिरी पाठवली. भाऊंनी हट्ट धरून तिच्यासोबत स्वतःच्या अक्षरात दोन ओळी जोडल्या आणि खाली पूर्ण सही केली. उत्तर आलं नाही. काही दिवस ते टपालाच्या टेबलावरून जाताना रेंगाळायचे, मग ते थांबलं.

तीन महिने संपले, परीक्षा झाली, अधिकार परत मिळाला. भाऊ पुन्हा शिडीवर दिसू लागले. आता तपासताना कोणीही बोलावलं, अगदी साहेबांनी स्वतः, तरी ते आरशातून नजर न काढता डावा हात वर करायचे. तो हात खाली येईपर्यंत सगळे थांबायचे.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी आम्ही जेवत होतो. नरेश त्याच्या टोकावरून उठला आणि भाऊंजवळ येऊन उभा राहिला. डबा त्याने उघडलाही नव्हता.

"भाऊ," तो म्हणाला. कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडून तो शब्द आला नव्हता. "उजव्या इंजिनात इंधनाच्या नळीचा नट हाय ना, तो मी हातानं बसवला. मंग पान्यानं आवळला का नाही, ध्यानातच येऊन नाही राहिलं. कव्हर बंद झालं. सहीबी झाली."

 ती सही भाऊंची नव्हती, दुसऱ्या तपासनिसाची होती, आणि तोही तिथेच घास हातात घेऊन बसला होता. नरेशने गप्प राहायचं ठरवलं असतं, तर कोणालाही कळलं नसतं.

भाऊंनी डब्यावर झाकण ठेवलं. "चाल," ते म्हणाले.

सगळी रीत पाळून कव्हर उघडलं. नट नुसता हाताने फिरवलेला होता. पाना लागलाच नव्हता. इंजिन चालवून पाहताना गळती कदाचित दिसली असती, कदाचित नसती. नरेश पाना हातात धरून उभा होता. मला वाटलं, आता भाऊ काही बोलतील. मोठं माणूस बोलतं तसं.

ते म्हणाले, "पान कोणतं?"

नरेशने टॅब उघडला. भाऊंनी ओळीखाली बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, "आता आवळ. मी पाहून राहिलो."

ठरलेल्या जोरावर पोचताच पान्याचा कट असा आवाज झाला. भाऊंनी आरसा धरला, दोनदा बघितलं, मान हलवली. खाली उतरल्यावर नरेशने दोन चहा आणले. दोघं हँगरच्या दारात उन्हाला पाठ देऊन प्यायले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. पण त्यानंतरच्या वर्षात आमच्याकडे अशा किती गोष्टी पुढे आल्या! कोणाची चकती पडली, कोणाला शंका आली, कोणी चुकीचं पान उघडलं. लोक येऊन सांगू लागले. साहेब एकदा कपाळाला हात लावून म्हणाले, "चुका वाढल्या की काय आपल्याकडे?" भाऊ म्हणाले, "वाढल्या नाही साहेब. दिसून राहिल्या."

भाऊ निवृत्त झाले त्याला आता दोन वर्षं होत आली. मध्ये फोनवर बोलणं व्हायचं. मग मागच्या जानेवारीत मी पुण्याला निघाले होते. विमानात शिरले तर चार रांगा पुढे खिडकीशी भाऊ आणि त्यांच्या बाजूला वहिनी. धाकट्या मुलीकडे चालले होते. वहिनींनी मला पाहून हात हलवला. बोलायला गर्दी होती, मी माझ्या जागेवर बसले.

दारं बंद झाली आणि विमान हललंच नाही. पंधरा मिनिटं गेली, पंचवीस गेली. मग घोषणा झाली, तांत्रिक कारणामुळे थोडा उशीर होत आहे. भाऊंच्या पलीकडच्या रांगेतला एक माणूस तावातावाने उठला. "हे रोजचंच आहे यांचं! आधी काय झोपले होते का?" दोघा-तिघांनी दुजोरा दिला. हवाईसुंदरी पडलेल्या चेहऱ्याने सगळ्यांची माफी मागत होती.

मला राहवेना. मी मान वाकडी करून खिडकीतून बघायला लागले. पंखाखाली शिडी लागली होती. पिवळ्या जाकिटातला एक जण वर चढून इंजिनाच्या कव्हरखाली काहीतरी पाहत होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हातातली टॉर्च. कोणतं कव्हर, काय असेल, मी मनात यादी करत बसले.

तेवढ्यात वहिनींचा आवाज आला. "काहून थांबलं जी? तुम्ही पाहा ना जरा खिडकीतून. तुम्हाले तं समजते."

भाऊ खिडकीशीच बसले होते. नुसती मान वळवायची होती.

"त्याले करू दे वं," ते म्हणाले.

आणि त्यांनी पडदा अर्धा खाली ओढला, चष्मा काढून छातीवर सोडला, आणि डोळे मिटून घेतले.